डोहाच्या काठावरची तीन भोकं

हे लिहायचं मी फार वर्षं टाळलं. टाळायला कारण नेहमीच हाताशी असायचं. आधी नोकरी, मग मुलीचं लग्न, मग बायकोचं आजारपण, मग माझं डोळ्यांचं ऑपरेशन. सगळी कारणं संपली तेव्हा 'आता कोणाला काय फरक पडतो' हे एक शिल्लक होतं. त्याच्यावर मी बराच काळ काढला. गेल्या हिवाळ्यात तेही गेलं.

डोंगरातला माझा जुना जोडीदार वारला. कब्रस्तानात मूठभर माती टाकून मी बाहेर आलो आणि चपला शोधत होतो. तेवढ्यात आमच्या जुन्या गिर्यारोहण मंडळातला एक जण शेजारी येऊन उभा राहिला. तोही आता काठी घेऊन चालतो. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सोन्यासारखा माणूस. त्या डोहाचं एक सोडलं, तर नाव ठेवायला जागा नाही."

मी "हो" म्हणालो.

घरी आलो, पण बसवेना. पंखा लावला, बंद केला. चहा टाकला आणि तो गॅसवर उतू गेला. खुर्चीतून उठायचं, गॅलरीत जायचं, खालची रहदारी बघायची, पुन्हा आत यायचं. त्या एका 'हो'ने मला घरात जागा ठेवली नाही. कारण डोह त्याने फोडला नव्हता. मी फोडला होता.

आता नीट सांगतो.

पुण्याच्या पश्चिमेला डोंगराच्या अंगात पाण्याने कापत नेलेली एक घळ आहे. दोन्ही बाजूंना काळा कातळ, मध्ये एका माणसापुरती फट, आणि पाणी टप्प्याटप्प्याने खाली उतरत जातं. तिचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर येत्या रविवारी तिथे आणखी चार गाड्या उभ्या राहतील. आजची मुलं अशा घळी दोर लावून उतरण्याला कॅन्यनिंग म्हणतात. आम्ही नुसतं 'घळ उतरणं' म्हणायचो. ऐंशीच्या दशकात दिवाळी उलटून पाणी ओसरलं की आमचं मंडळ याच उद्योगाला लागायचं.

माझा जोडीदार आणि मी कॉलेजात एका बाकावर होतो. पुढे मी एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात लागलो. तो मंडईमागच्या वडिलांच्या दुकानात बसला. कुलपं, किल्ल्या, कड्या-कोयंडे, आणि मागच्या बाजूला एक छोटी लेथ. त्यांचं घराणं पुण्यातलं फार जुनं. माझे वडील साताऱ्याहून आलेले, तेवढ्यावरून तो मला जन्मभर 'तुम्ही बाहेरचे' म्हणून चिडवायचा. "पुण्यात दोन पिढ्या झाल्याशिवाय खोचक बोलता येत नाही," म्हणायचा. "तू अजून शिकाऊ आहेस."

परदेशी सामान तेव्हा आमच्या आवाक्यात नव्हतं. कातळात हाताने भोक पाडायचं, त्यात बोल्ट ठोकायचा, बोल्टवर पोलादी प्लेट, प्लेटमध्ये कडी आणि कडीत दोर, अशी रचना असते. त्या प्लेटा तो दुकानात तयार करायचा. प्रत्येक प्लेटवर तो एक खूण ठोकायचा, एक गोल आणि मध्ये ठिपका. "उद्या प्लेट तुटली तर कोणाच्या दाराशी जाऊन बोंबलायचं ते कळायला नको?" असं त्याचं म्हणणं. मंडळात आणखी एक रिवाज होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण पक्का होता. ज्याने प्लेट केली त्यानेच ती कातळात ठोकायची. त्यामुळे आमच्या बहुतेक वाटांवर भोकं त्याच्या हातची असायची. ठोकण्याआधी तो हातोडीने कातळ वाजवून बघायचा. खणखणीत वाजला तर ठीक. बद वाजला तर गाठोडं उचलून पुढे. मलाही हे येत होतं. त्यात मोठं काही नव्हतं, फक्त थांबायची तयारी लागायची.

त्या घळीच्या तोंडाशी एक डोह होता. वरून येणारं पाणी कातळातल्या खोलगट भागात साठायचं आणि पुढच्या काठावरून खाली पडायचं. तो काठ म्हणजे कातळाचीच एक उभी पाळ होती, ओट्यासारखी. डोहाशेजारी शेंदूर लावलेला एक दगड होता, आणि पठारावर पाच-सात घरांची वस्ती. धबधबा आटला तरी डोहात उन्हाळाभर पाणी राहायचं. वस्ती तेच प्यायची.

आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथे एक म्हातारी हंडा भरत होती. आमचे दोर, हेल्मेटं बघून तिने विचारलं, "काय काम काढलंय?"

"खाली उतरून बघायचंय, आजी," तो म्हणाला.

"पायवाट हाय की पलीकडनं."

"पायवाटेनं नाही. इथूनच."

तिने आमच्याकडे नीट बघून घेतलं. "बरं. उतरा. पर पाण्यात पाय घालू नगा. उन्हाळ्याचं हाय ते."

डावीकडे एक दणकट उंबर होता. त्याने दोर उंबराला बांधला. तिथून उतरायचं म्हणजे पाण्यापासून लांब, झुडपांतून, अंग ओरबाडून घेत. धड फोटोही निघेना. मी म्हणालो, "काठावर बोल्ट मारले तर सरळ धारेशेजारून लोंबकळत जाता येईल."

त्याने काठ वाजवून पाहिला. "बद आहे. आणि बद नसता तरी नको. आजी काय म्हणाली ऐकलंस ना?"

"पाण्यात पाय नाही घालणार. कातळात घालू."

"लेका, तोच कातळ पाणी धरून बसलाय."

विषय तिथे संपला. त्याच्यापुरता संपला. माझ्या डोक्यात ती धार राहिली. मुंबईचं एक मंडळ आमच्या बाजूच्या घळी धुंडाळत फिरतंय, असं कानावर होतं. मार्गशीर्षात आमच्या मंडळाचा सगळ्यांना घळ उतरवायचा कार्यक्रम ठरला होता आणि त्यानंतर स्लाइड-शो. मला तो फोटो हवा होता आणि ती वाट माझ्या नावावर हवी होती. ऑफिसात टेबलावर कागद पसरलेला असायचा आणि मी मनातल्या मनात त्या काठावर उभा असायचो. त्याच्या घरी तेव्हा बायकोचं बाळंतपण होतं, तो कुठे हलणार नव्हता. मी दुकानात जाऊन टेकडीवरच्या सरावाच्या भिंतीसाठी म्हणून त्याच्याकडून प्लेटा घेतल्या. रजा टाकली आणि एकटा गेलो.

पहिल्या भोकाशी काठ बद वाजला, तरी मी ठोकत राहिलो. भोक अर्धं झाल्यावर हातोडीखालचा आवाजच बदलला, तेव्हा वीतभर सरकलो. तिथेही खात्री वाटेना, म्हणून आणखी वीतभर. पुण्याभोवतीच्या खाणींत दगड फोडणारी माणसं मी लहानपणापासून बघत आलोय. एका रेषेत भोकं पाडतात, त्यात पाचरी ठोकतात आणि दगड त्या रेषेवर उकलतो. मी अगदी तेच करत होतो, आणि मला ते दिसलं नाही. तिन्ही भोकं एका रेषेत, काठापासून जेमतेम अंतरावर. बोल्ट आवळताना बारीक 'टक्' असा आवाज आला. मी तो ऐकला. ऐकला नाही असं ठरवून सामान आवरलं.

कार्यक्रमाच्या दिवशी त्याने प्लेटा बघितल्या. मागे माणसं रांगेत उभी होती.

"हे कधी?"

"मागच्या आठवड्यात. वाजवून बघितलंय," मी हळूच म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि प्लेटेवरच्या आपल्या खुणेवरून अंगठा फिरवला. लोकांसमोर एक शब्द बोलला नाही. फक्त आणखी एक दोर उंबराला बांधून तोही प्रत्येकाच्या कमरेला लावला. माणसं हसत-ओरडत उतरली. शेवटची काही माणसं राहिली असताना काठ हलला. एक जण हातभर खाली घसरला आणि उंबराच्या दोरावर लोंबकळत राहिला. त्याला वर घेतलं, बाकीचे पायवाटेने उतरले. संध्याकाळी परतीच्या एसटीत सगळे त्याच गोष्टीवर हसत होते. कातळच तो, हलायचाच, असं सगळ्यांचं मत पडलं. तो खिडकीशी बसला होता. मी दोन आसनं पुढे. स्वारगेटपर्यंत मी मागे वळून बघितलं नाही.

चैत्रात डोह रिकामा झाला. काठात वरपासून तळापर्यंत फट पडली होती आणि पाणी झिरपून खाली गेलं होतं. वस्तीतला एक माणूस मंडईत करवंदं विकायला यायचा. तो विचारत विचारत आमच्या मंडळाच्या बैठकीला आला. फडक्यात गुंडाळलेली एक प्लेट त्याने टेबलावर ठेवली. बोल्टासकट निघालेली, कातळाचा टवका तिला चिकटलेला.

"ह्ये तुमचंच हाय न्हवं?" तो म्हणाला. "आमच्या बाया आता दरीत उतरत्यात पान्याला. डोईवर हंडा घेऊन वर चढत्यात. येकदा बघायला तरी या म्हनावं."

आमचे अध्यक्ष शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांनी प्लेट उजेडात धरली, मग माझ्या जोडीदारापुढे ठेवली. "ही खूण आपलीच ना?"

"खूण माझी आहे," तो म्हणाला.

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पुढचं वाक्य माझं आहे आणि तो वाट बघतोय, असं. माझ्यासमोर पाण्याचा ग्लास होता. मी तो उचलला आणि प्यायलो. सगळा प्यायलो. तेवढ्यात मागून कोणीतरी हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालं, "त्यांना काय हो, देव आपला आहे."

डोहाशेजारच्या शेंदराच्या दगडावरून तो टोला होता. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. डोहापेक्षा ते वाक्य मोठं होतं. मी ग्लास खाली ठेवला आणि तो टेबलावर नीट सरळ करत बसलो. त्याने कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. सामानाचं कपाट त्याच्याकडे असायचं. वस्तीतल्या माणसासमोर हात जोडून म्हणाला, "दादा, चूक झाली," आणि गेला. परत मंडळात आला नाही.

माझं नाव त्याने का घेतलं नाही, हे मी त्याला कधी विचारलं नाही. विचारायचं तर आधी बाकीचं बोलावं लागलं असतं.

वैशाखात मी सिमेंटची पिशवी पाठीवर टाकून एकटा वर गेलो. फटीत सिमेंट लिंपलं. म्हातारी बाजूला उकिडवी बसून बघत होती.

"शिमिटानं थांबतंय व्हय ते?"

"बघू, आजी."

"तुमचा सोबती न्हाई आला? त्यानंच फोडलं म्हनत्यात."

हाताला सिमेंट लागलेलं, डोक्यावर ऊन. ऐकायला फक्त ती होती. इतकी सोपी जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. मी म्हणालो, "कातळच जुना होता, आजी."

पहिल्या दमदार पावसात सिमेंट वाहून गेलं. खालच्या कातळावर राखाडी ओघळ राहिला, तो आजही आहे. पुढे वस्तीतली घरं एकेक करून खाली रस्त्यालगत आली.

मी मंडळ सोडलं नाही, हेही सांगायला हवं. स्लाइड-शोमध्ये तो फोटो दाखवला होता, त्याला टाळ्या मिळाल्या होत्या. आणखी काही वर्षं मी वाटा काढत राहिलो. मग गुडघे गेले.

त्याच्या दुकानात मात्र जात राहिलो. हे कोणाला विचित्र वाटेल. बोलायचं ठरवून निघायचो, मंडईला वळसा घालायचो, दुकानासमोरून एकदा पुढे जायचो, परत यायचो. त्याने मान वर करून "काय?" म्हटलं की तोंडातून निघायचं, "एक किल्ली करून हवी होती." तो खिशातून काढलेली माझी किल्ली घ्यायचा, मशीनला लावायचा, चहा सांगायचा. आम्ही महागाईवर, पोरांवर, पुण्याच्या खड्ड्यांवर बोलायचो. डोंगराचं नाव दोघंही काढत नसू. नवी किल्ली घेऊन मी घरी यायचो. माझ्या घराच्या कुलुपाच्या किल्ल्यांनी एक अख्खा डबा भरला. बायको हयात असताना एकदा म्हणाली, "अहो, आपण दार उघडं ठेवलं तरी एवढी माणसं यायची नाहीत."

मागच्या वर्षी पावसाळ्यानंतर नात घरी आली. ती हिंजवडीत कंपनीत आहे, सुट्टी मिळाली की कुठे ना कुठे जाते. फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "आजोबा, हे बघा ना, कसला सॉलिड स्पॉट आहे!"

मी उंबरावरून ओळखला. बाकी काही ओळखू येईना. कातळावर बोल्टच बोल्ट. आधीच्या टोळीच्या बोल्टवर पुढच्या टोळीचा विश्वास नसतो, म्हणून जुन्याशेजारी नवा. प्रत्येकाखाली गंजाचा तांबडा ओघळ. मधल्या मऊ तांबड्या थरात दोरांनी खाचा पाडलेल्या, विहिरीच्या काठावर पडतात तशा. ज्या शेवाळावरून आम्ही घसरायचो ते बुटांनी खरवडून गेलेलं, कातळ टकलासारखा गुळगुळीत. वाट कळावी म्हणून पांढऱ्या रंगाचे बाण. खालच्या डोहात पूर्वी बेडकांची पिल्लं असायची, खेकडे असायचे. आता तिथे मुलं एकामागून एक उड्या मारत होती आणि पाणी गढूळ झालं होतं. आणि वर तो कोरडा खोलगट भाग. त्यात उभा राहून त्यांचा वाटाड्या सांगत होता, "इथे आधी बारा महिने पाणी असायचं, गाइज. जुन्या काळातल्या एका चाचाने बोल्ट मारून फोडून टाकलं." सगळे हसले.

मी उठलो. खिडकीशी गेलो, परत आलो, पुन्हा उठलो.

"आजोबा, काय झालं? बीपीची गोळी घेतली ना?"

"चाचाने नाही फोडलं," मी म्हणालो.

"मग?"

"मी फोडलं."

तिला आधी वाटलं मी थट्टा करतोय. मग मी सगळं सांगितलं, जसं वर लिहिलंय तसं. पाण्याच्या ग्लासासकट. तिने फोन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "ते आहेत अजून?"

"आहेत. मंडईमागे."

"आणि तुम्ही त्यांना हे बोललाच नाहीत? एकदाही?"

"नाही."

"मग मला काय सांगताय आजोबा? रिक्षा बुक करते."

तिने खरंच केली. रिक्षात मी एकटाच, वाक्यं जुळवत गेलो. रिक्षावाल्याने दोनदा आरशातून मागे पाहिलं, बहुधा मी पुटपुटत होतो.

दुकानात आता त्याचा मुलगा बसतो. तो स्वतः मागे स्टुलावर होता, खोकत होता, गळ्याभोवती मफलर. मला बघून मुलाला म्हणाला, "खुर्ची दे. गिऱ्हाईक आलं."

"किल्ली नकोय," मी म्हणालो.

"अरे वा. मग कुलूपच बदललंस काय? तुझ्या घरात माणूस एक आणि किल्ल्या पोतंभर. चोरांना वाटतोस की काय?"

"बोलायचंय जरा."

"गुडघ्यांबद्दल असेल तर बाहेर रांग आहे."

"गुडघ्यांबद्दल नाही."

त्याने मफलर सारखा केला. "बोल."

माझ्या तोंडात पहिलं वाक्य तयार होतं. त्याच वेळी एक बाई घाईघाईने पायरी चढून आल्या, हातात अडकलेलं कुलूप. "अहो, हे तेवढं लवकर बघा ना, दार उघडं टाकून आलेय!" मुलगा दुसऱ्या गिऱ्हाइकात होता. म्हणून माझ्या जोडीदारानेच कुलूप हातात घेतलं, कानाशी नेऊन हलवलं, तेल सोडलं. त्या बाईंचं घर, कुलूप आणि शेजारीण असं सगळं ऐकून होईपर्यंत त्याला खोकल्याची उबळ आली. मुलाने पाणी दिलं. बाई गेल्या. तो दम खात बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. बैठकीत बघितलं होतं तसंच.

माझा हात आपोआप खिशात गेला. मी घराची किल्ली काढून काउंटरवर ठेवली.

त्याने ती बराच वेळ उचलली नाही. मग उचलली आणि मशीनला लावायला उठू लागला. मुलगा म्हणाला, "अब्बा, द्या, मी करतो." "नाही," तो म्हणाला, "ही माझी आहे." किल्ली झाली. पैसे घेतले नाहीत, कधी घेतलेच नव्हते. दोन्ही किल्ल्या माझ्या तळहातावर ठेवत म्हणाला, "पुढच्या वेळी हिच्याशिवाय ये. चहा तसाही मिळतो."

मी पुढच्या आठवड्यात जाणार होतो. मग थंडी वाढली, मग मला ताप आला. मग त्याच्या मुलाचा फोन आला.

त्या दिवशी रिक्षात जुळवलेली वाक्यं मला अजून पाठ आहेत. ती अशी होती: प्लेट तुझी होती, भोकं माझी. काठ बद आहे हे तू सांगितलं होतंस आणि मी ऐकलं होतं. बैठकीत तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा मला सगळं कळलं होतं. तुला, तुझ्या घराण्याला, तुझ्या देवाला लोक नको ते बोलले, ते माझ्या गप्प बसण्यामुळे बोलले. त्या आजीलाही मी खोटं सांगितलं. तू जी माफी मागितलीस ती माझी होती. मला माफ कर.